अंजिराचं पांघरूण

थंडी जगात कुणालाही वाजो, गादीवाल्यांना ती आपल्यालाच वाजल्यासारखी वाटायची. दुकानात कुणी म्हणालं, "दोन किलो कापसाची रजई पुरे," की हे तीन किलो भरणार आणि वर गिऱ्हाइकालाच दटावणार, "थंडी काय तुम्हाला विचारून पडणार आहे?" गल्लीतले लोक हसायचे. साठी उलटलेल्या माणसाची खोड, ती आता कुठे जायची?

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का, दोघंच. बायको या वर्षीच्याच उन्हाळ्यात गेली होती. अक्काच्या खोलीच्या भिंतीलगत, मागच्या अंगणात, अंजिराचं झाड होतं. जात मूळची उबदार मुलखातली. इथल्या हिवाळ्यात जमीनसुद्धा दगडासारखी व्हायची, तिथे उघड्यावरचं अंजीर कसलं टिकतंय! म्हणून पानगळ झाली की दरवर्षी ते पुरायचं. हो, पुरायचंच. एका बाजूची मुळं फावड्याने तोडायची, फांद्या दोरीने आवळायच्या, खोड हळूहळू वाकवत अख्खं झाड भिंतीकडच्या चरात आडवं निजवायचं. वर फळ्या, वाळका पाला, माती. थंडी सरली की उकरून पुन्हा उभं करायचं. शेजारी नव्याने राहायला आलेला कुणी कुंपणावरून हे पाहायचा तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. गादीवाले, त्यांची बायको आणि अक्का, अशी तीन म्हातारी माणसं दोरीने बांधलेलं, माणसाएवढं काहीतरी गुपचूप खड्ड्यात लोटताहेत, असंच ते दिसायचं.

या वर्षी लोटायला एकटे गादीवाले होते. अक्काचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती पलंगालाच खिळली होती. तिने खिडकीतून हुकूम सोडले, "नुसता पाला आणि माती घाल. झाडाला ऊब नको असते रे, झोप हवी असते. गार राहिलं तरच झोपतं."

गादीवाल्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि खिडकी बंद झाल्यावर आपलंच खरं केलं. पाल्याने कधी थंडी अडते का? दुकानातून दोन जाड गाद्या आणल्या, झाडावर नीट खोचून बसवल्या, वर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि माती ओढली. अक्काला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

ऐन कडाक्याच्या दिवसांत अक्का एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "झाड झोपत नाहीये."

"म्हणजे?"

"जागं आहे. इकडे सरकतंय." तिने उशाकडच्या भिंतीवर तळवा टेकला. "ऐक ना."

गादीवाल्यांनी कान लावला. भिंत थंडगार होती आणि कसलाही आवाज नव्हता. पण पुढे पुढे दुकानातून जेवायला घरी आले की बाहेरच्या दारातूनच त्यांना अक्काचं बोलणं ऐकू यायचं. आत जाऊन बघावं तर ती भिंतीकडे तोंड करून, हट्टी पोराला समजवावं तशी म्हणत असायची, "थांब. अजून वेळ आहे. थांब जरा."

बरं, हे घरातल्या घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. अक्काने ते फोनवर आपल्या लेकीला सांगितलं. लेक राजधानीत नोकरीला, आईवर जीव टाकणारी. तिने लगेच मामाला फोन लावला.

"मामा, मी रविवारी येतेय. आईला असले भास होत असतील तर तिला दिवसभर एकटी कशी ठेवायची? माझ्या घराजवळ वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. डोकं ठिकाणावर असेल तर राहू दे तिला तुझ्याकडे. नसेल तर मी घेऊन जाणार."

बायको गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज होता तो अक्काचाच. तीही गेली तर रिकाम्या खोल्यांत ते एकटे काय करणार होते? त्यांना अक्का हवी होती. तिने तोंड मिटून शहाण्यासारखं वागावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

रविवारी सकाळी त्यांनी फावडं उचललं. खड्डा उकरायचा, सगळं सामसूम आहे हे अक्काला दाखवायचं, म्हणजे लेकीपुढे ती गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब. वरची माती गोठलेली होती, ती ढेकळांनी निघाली. कागद सोडवला. गादीखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. खाली ऊब होती. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणात असते तशी.

दोन्ही गाद्या ओढून काढल्या. झाड जागं होतं. प्रत्येक फांदीला कोंब फुटले होते, बोटाएवढे लांब, हिरव्याचा ठिपकाही नसलेले, पांढरेफटक. आणि सगळे एकाच बाजूला वळलेले. भिंतीकडे. काही तर विटांच्या फटींत शिरले होते, नेमके अक्काच्या पलंगामागे.

गादीवाले भीतीने गारठले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना आनंदाने रडू फुटलं. अक्काचं खरं होतं! तिचं डोकं त्यांच्यापेक्षा शाबूत होतं. ते मातीच्या हातांनी तसेच आत धावले आणि गाद्यांची सगळी कबुली देऊन टाकली. अक्काला काही नवल वाटलं नाही.

"कोंब कापून टाक," ती म्हणाली. "आणि आता तरी नुसता पाला घाल. झोपेल परत."

त्यांनी निमूटपणे तसं केलं. हात धुऊन आले तेव्हा अक्का भिंतीला कान लावून होती. "निजलं," ती म्हणाली.

"आता येऊ दे तुझ्या लेकीला!" गादीवाले हसत म्हणाले. "मीच सांगतो तिला. म्हणावं, वेडं कुणी असेल तर तो मी."

अक्काने कान काढला नाही. तिने विचारलं, "आणि तिचं काय करायचं?"

"कुणाचं?"

"तुझ्या बायकोचं. तिलाही तू पांघरूण जाडच घातलंस ना."

त्या उन्हाळ्यात बायकोसाठी शवपेटी घरी आली तेव्हा अक्का हाड मोडून इस्पितळात होती. गादीवाल्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढून दाराला कडी घातली होती. उत्तम कापसाची चार बोटं जाड गादी खाली, तेवढीच जाड रजई वर, कडांना कापूस ठासून भरलेला. मातीत तिला थंडी वाजू नये म्हणून. झाकण त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. हे कुणी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

"झोपत नाहीये रे ती," अक्का म्हणाली. झाडाबद्दल म्हणाली होती तशीच, काळजीने.

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. भाची आत आली, आईच्या गळ्यात पडली, मग मामाला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, "खरं सांग मामा. आईचं डोकं ठिकाणावर आहे की नाही?"

मागच्या दाराशी पांढऱ्या कोंबांचा ढीग पडलेला होता. भाचीला तिथवर नेलं असतं तरी काम झालं असतं. हात धुतले तरी गादीवाल्यांच्या बोटांना कोंबांचा चीक अजून चिकटलेला होता. पण झाडाचं खरं मानायचं, तर बायकोचंही खरं मानावं लागणार होतं. रोज, उठता बसता.

"तिला भास होतात," ते म्हणाले. "घेऊन जा."

अक्काने हे ऐकलं. भाचीने दोन कपडे पिशवीत भरले, दोघांनी धरून अक्काला गाडीत बसवलं. गादीवाले धावत जाऊन दुकानातली रजई घेऊन आले आणि तिच्या गुडघ्यांवर पसरायला लागले. अक्काने दोन्ही हातांनी ती बाहेर लोटली.

"नको," ती म्हणाली. "आणि हे बघ, मी मेले की माझ्यासाठी काही शिवू नकोस."