खिडकीतला कप

मी एका माणसाचा कप वेगळा ठेवला, ही माझी चूक. परदेशात शिकत असताना पेंडल हिल या उपनगरातल्या भाड्याच्या घरात आमच्यासोबत एक जपानी मुलगा राहायचा. टीव्हीवर देवमाशांच्या शिकारीची बातमी लागली, तेव्हा मी त्याला विचारलं, "तू खाल्लायस?"

"लहानपणी. आजी शिजवायची."

मी स्वतः चिकन खायचो, तरी दुसऱ्या दिवशी त्याचा कप उचलून खिडकीत ठेवला. ते पाहून त्याने आपला चहा ग्लासात ओतून घेतला. आमचा नागपूरचा रूममेट मात्र म्हणाला, "गावच्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कपही असाच बाहेर ठेवायचे, भाऊ."

महिनाभरात जपानी मुलाने घर सोडलं. कप खिडकीतच राहिला. शेवटी तो घेऊन मी त्याच्या नव्या खोलीवर गेलो.

"हा वेगळा ठेवायला नको होता," मी म्हणालो. "माझं चुकलं. माफ कर."