जंगलाच्या सिनेमासाठी दोन तास शांतता

परवा बुधवारी आमच्या गावात, रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर, मी एका सिनेमाचा अख्खा सीन नासवला. त्या सिनेमाला वर्गणीही मीच दिली होती...

सिनेमा लोकवर्गणीतून होतोय. दिग्दर्शिका तन्वी, माझ्या मित्राची मुलगी. पाच आदर्शवादी तरुण शहरातल्या नोकऱ्या सोडून जंगलात राहायला जातात, अशी गोष्ट. पहिला अर्धा तास त्यांची चूलच पेटत नाही म्हणे.

जंगल मी मिळवून दिलं. माझ्या घरामागे एक जमीन आहे, भावाभावांच्या वाटणीत अडकून वीस-पंचवीस वर्षं पडीक. करवंदाच्या जाळ्या, रानमोडी, आडवेतिडवे वाढलेले रायवळ आंबे. आम्ही तिला 'भांडणाची जमीन' म्हणतो. तन्वी तिला 'अनटच्ड' म्हणाली. म्हटलं, खरंय, कोर्टाच्या तारखेशिवाय कोणीच हात लावलेला नाही.

जंगलाच्या दोनशे पावलांवर डांबरी रस्ता. तिथे टेम्पो, टेम्पोत जनरेटर, आणि निसर्गात विरघळून गेलेल्या नायिकेसाठी कोल्ड कॉफी. असो... स्वप्नं महाग असतात.

अडचण एकच. जमिनीच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या सुनंदावहिनींची पाच हापूस कलमं आहेत. यजमान मुंबईला वॉचमन, घरचा वर्षाचा खर्च त्या पाच झाडांवर. यंदा मोहोर निम्मा गळला, जो आंबा धरला तो आठ दिवसांत उतरवायचा. आणि वानरांना हे आपल्याआधी कळतं. म्हणून वहिनी दिवसभर झाडाखाली बसून तेलाचा रिकामा डबा बडवतात, आणि वानरांच्या सात पिढ्या काढतात.

शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी तन्वी आली. "काका, तो आवाज थांबेल का? आपलं सगळं सिंक साउंड आहे, आवाज जागेवरच रेकॉर्ड होतो. फक्त संध्याकाळी पाच ते सात... क्लायमॅक्स आहे."

आता मी पडलो निर्माता. ऐटीत गडग्यापाशी गेलो आणि सांगितलं. वहिनींनी एकदा झाडांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दोन तास?"

"दोनच."

"बरं, तुम्ही सांगताय म्हणजे..." एवढंच म्हणाल्या. ते वाक्य पुढे कुठे जाणार होतं, हे मी विचारलंच नाही.

पाच वाजता सगळं गाव जणू म्यूट झालं. नायिका कातळावर बसली, पाठीमागे सोनेरी ऊन, आणि सुरू झाला एकच लांबलचक टेक. संवाद असा, की इथे, या रानात, कोणी कोणाचं काही हिरावून घेत नाही...

त्याच क्षणी पहिलं वानर वहिनींच्या कलमावर उतरलं.

वहिनी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या अर्धवट उठल्या आणि गडग्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? मी ओठांवर बोट ठेवलं.

त्या बसल्या. पदर तोंडाशी धरून बसल्या.

मग अख्खी टोळी आली. वानर आंबा खात नाही हो, चाखतं. एक चावा, फेक. दुसरा, एक चावा, फेक. पाचोळ्यावर टप... टप... टप. आमचा साउंडवाला मुलगा हेडफोनवर हात दाबून ऐकत होता. त्याने डोळे मिटले आणि मला अंगठा वर करून दाखवला. फार सुंदर!

पहिलं झाड संपलं. दुसरंही संपत आलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. नायिका अजून बोलतच होती.

तेव्हा माझं काय झालं कोण जाणे... पन्नाशीत गडगा ओलांडू नये, मी ओलांडला. वहिनींच्या मांडीवरचा डबा ओढला, काठी दिसेना, म्हणून पायातली चप्पल काढून बडवायला लागलो.

"भावजी, अहो चपलेनं काय होतंय! हा दांडका घ्या!" म्हणत वहिनी उठल्या, आणि एवढा वेळ कोंडलेली आरोळी त्यांनी अशी सोडली की वानरं सोडा, जनरेटरवाला टेम्पोतून खाली उतरला. "जल्ल्या मेल्यांनो! तुमच्या बापानं लावलीत काय ही कलमं?"

तन्वी 'कट' म्हणाली असेल. कोणाला ऐकू गेलं नाही.

मग ती धावत आली, डोळ्यांत पाणी. "काका, सगळा टेक गेला! आता ऊनही गेलं!"

उत्तर वहिनींनी दिलं, घाम पुसत, शांतपणे. "पोरी, तुझं ऊन उद्या पाचला परत येईल. माझा आंबा पुढच्या वर्षी."

तन्वीने पहिल्यांदाच कॅमेऱ्याशिवाय त्या झाडांखाली बघितलं. एकेक चावा घेतलेल्या आंब्यांचा सडा पडला होता. शूटिंग तिनेच आठ दिवस पुढे ढकललंय, आंबा उतरेपर्यंत. काल नायकाला राखणीला बसवलं होतं. पहिलं वानर दात विचकून खेकसलं तसा तो थेट माझ्या पडवीत येऊन थांबला. निसर्गाशी एकरूप वगैरे.

रात्री न राहवून वहिनींकडे गेलो. म्हटलं, तुम्ही उठला का नाहीत? आंबा तुमचा, झाडं तुमची.

"तुम्ही बोट ठेवलंत ना ओठांवर," म्हणाल्या. "माणसांसमोर तुमचा शब्द खाली कसा पाडायचा?" आणि चहाला आत बोलावलं.

दुसऱ्याच्या झाडांवर उदार होऊन मी शब्द दिला, आणि तो पाळला त्यांनी.

वहिनी फेसबुकवर नाहीत, त्यामुळे इथे माफी मागण्यात काही अर्थ नाही. उरलेल्या तीन झाडांची सकाळी सहा ते दहाची राखण मी मागून घेतली आहे. त्यांनी दिली, हे त्यांचे उपकार.