सुनेचा जबडा, सासऱ्याचं तोंड

लढाईच्या दिवसांत मी धुळ्यात दातांचा दवाखाना थाटला. मुंबईत शिकताना एक गोष्ट मनावर ठसवली गेली होती: आधी रोग्याला नीट समजावून सांगा, मग हत्यार उचला. समजावण्याची मला भारीच हौस. समजावायचं नेमकं कुणाला, हे मात्र मुंबईत कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा धरणगावाकडचे एक आबा सुनेला छकड्यात घालून घेऊन आले. तिचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. भाकरी चावली की कानाजवळ कट्‌कन वाजे, आणि घास तसाच राही. पोर वाळत चालली होती. पण सासऱ्यासमोर ती ना पदर वर करणार, ना बोलणार. खुर्चीतसुद्धा भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "तोंड उघडा." आबांनी उघडलं.

"तुमचं नाही, आबा."

"तिनं आसंच शे. मी दखाडस ना." तिचं तोंड कसं आहे, ते आबा स्वतःच्या तोंडानं दाखवत होते.

शेवटी आबांना पाठ फिरवायला लावून मी पदराआड जेमतेम डोकावलो. वरची एक दाढ बाहेर झुकली होती, आणि तिला चुकवायला जबडा दर घासाला एका अंगाला सरकत होता. दाढेचा उंचवटा घासून काढला. मग औषधाच्या पेटीचं झाकण उघडमीट करत मी आबांना जबड्याची बिजागरी समजावली. एक बाजू सरकली की झाकण अडतं, तिथे ओढाताण करायची नाही. महिनाभर दुधात कुस्करलेली भाकरी, कानाजवळ शेक, जांभईसुद्धा बेतानं. आबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. इतका चांगला श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

महिन्यानं दोघं परत आली. आबांच्या गालांवर तुकतुकी आली होती. सून आणखी वाळली होती.

"तुम्ही सांगं तसं बठ्ठं कयं," आबा खुशीत म्हणाले. "रोज दूधभाकर खाधी. मना जबडा आते वाजत नही."

"आणि सूनबाईंनी?"

"ती बठ्ठासना मांगून जेवस. उरेल भाकर ऱ्हास ना तिले."

सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली कोरडी भाकर! माझं डोकंच फिरलं. तरी खोड जाईना. मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागलो, या वेळी भिंतीकडे पाहून. दूध का, मऊ का, दोन्ही बाजूंनी चावायचं का.

तेवढ्यात पदराआडून, सासऱ्यादेखत, आवाज आला.

"मी तवयच बठ्ठं आयकं व्हतं, डॉक्टरसाहेब. पन माले दूध कोन देई?"