हवालदाराचं पायडल

बर्माची लढाई आटोपून आलेल्या हवालदार आकारामनं सायकल घेतली, पण पायडल मारायचा तो परेडसारखं, दाणदाण पाय आपटत. सायकल उंब्रजच्या रस्त्यावर नागिणीसारखी वळवळायची. मागं कॅरियरवर बसलेली बायको मनुबाई एकदा बाजाराला जाताना वैतागलीच. "आवं, आपटताय काय? जात्यावानी गोल फिरवा की पाय!"

हवालदारानं ऐकलं आणि सायकल खरंच नाकासमोर चालू लागली. चढावर तर ती इतकी हलकी झाली, की गडी खुशीत आला. मागून कुणी बाई "आवं! आवं!" ओरडत होती. असंल कुणाची तरी, म्हणत त्यानं पाय आणखी गोल फिरवले. कॅरियरवरून घसरलेली मनुबाई तरी दुसरं काय ओरडणार? नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

बाजारात उतरल्यावर त्याला बायको आठवली. ती मागनं बैलगाडीतनं आली.

पुढच्या बाजारी त्याच चढावर सायकल पुन्हा हलकी झाली, आणि मागून खणखणीत हुकूम आला, "हवालदार, थम!"

आकाराम पायडलवर ताठ झाला, दोन्ही हात हँडल सोडून खाडकन मांड्यांना चिकटले, आणि हवालदार सावधान उभ्यानंच रस्त्याकडंच्या उसात गेला.