सत्यभामाबाईंनी न दिलेलं उत्तर

सत्यभामाबाई सोनोने यांनी मला एकदा नापास केलं होतं, आणि ते मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. मतांगीकाराच्या वर्गात कोणी नापास होतं का? मी झाले. अकोल्याच्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीत मी एकटीच, प्रणाली नावाची.

मतांगीकार म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा विश्वास मोजक्या वाक्यांत सांगणारा जुना पाठ. देव बाप कोण, येशू कोण, त्यानं दुःख सोसलं, तो मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. तो तोंडपाठ आल्याशिवाय आमच्याकडे पोरांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊ देत नाहीत. पाठ म्हणून घ्यायचं काम चाळीस वर्षं बाईंकडे. शनिवारी दुपारी, चर्चच्या मागच्या खोलीत. पोरानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बाईंनी डोळे मिटून ऐकायचं. हातात लाकडी पट्टी. एक शब्द गळाला की पट्टी टेबलावर, टक्! पुन्हा पहिल्यापासून. मी 'पुरला गेला' खाल्लं. तीनदा खाल्लं, आणि वर तोंड करून विचारलं, "मेला म्हटलं ना एकदा, मंग पुरला हे कायले सांगा लागते?"

"पुढच्या वर्षी ये," बाई म्हणाल्या. बस्स, विषय संपला.

अश्विन माझ्याच वर्गात होता. चौदा वर्षांचा, काटकुळा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. त्याची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. पोटाचा आजार, तीन महिने तिचं ओरडणं सगळ्या गल्लीनं ऐकलं. या पोट्ट्यानं मतांगीकार असा म्हटला की पट्टी टेबलावर आलीच नाही. बाईंनी त्याच्या कार्डावर सही केली, बक्षीस म्हणून बायबलचा नवा करार दिला. मला किती जळजळलं म्हणून सांगू!

पाठानंतर बाई एक वेगळा धडा घ्यायच्या. खोट्या शिक्षकांचा. पहिल्या तीन-चारशे वर्षांत मंडळीत कोण कोण शिरलं आणि काय काय शिकवून गेलं, ते सांगायच्या. एक म्हणायचा, येशू देव नाहीच, देवानं घडवलेला सगळ्यात मोठा सेवक आहे. दुसरा म्हणायचा, जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा बाप वेगळा. आणि तिसरे होते ते लय सोज्वळ. देवाला कसं रक्त येईल, असं त्यांचं म्हणणं. येशूचं शरीर नुसतं दिसायला होतं, खिळे त्या दिसण्याला ठोकले, त्याला काही लागलंच नाही.

"हे तिसरे सर्वात वाईट," बाई सांगायच्या. "कावून का थे गोड बोलतात. येशूचा शिष्य योहान, त्यानं म्हातारपणी पत्र लिहून मंडळीले सावध केलं, का जो म्हणते प्रभू देहात आला नाई, त्याच्यापासून दूर राहा. लिहून घ्या."

बाईंचे वडील जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. त्यामुळे बाईंची एकच उपमा, चाळीस वर्षं तीच. "गाडीवरून हात फिरवून कापूस समजत नाई. कोपरापर्यंत हात आत घाला. वरून कोरडा असते, आतून ओला निघते. शिकोनाऱ्याचंही तसंच पारखाचं."

कार्ड मिळायच्या आधी एका शनिवारी, हाच धडा चालू असताना, अश्विननं हात वर केला. "बाई, देवाले खरंच दुखलं का? माह्या मायले दुखत होतं, तवा त्याले दुखत होतं का?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "आधी पाठ कर, मंग इचार," त्या म्हणाल्या.

त्यानं पाठ केलं. नंतर कधी विचारलं नाही, आणि बाईंनीही ते पुन्हा काढलं नाही.

बाईंचा नवरा तरुणपणीच गेला होता. एकच मुलगी, ज्योत्स्ना, ती अमरावतीत दिली. ज्योत्स्नालाही एकच लेक, अपेक्षा. पोरीला सिकलसेल होता. ज्यांच्या घरात हा आजार नाही, त्यांना कळायचं नाही. चांगली खेळत असते, आणि मधेच हाडात कळा सुरू होतात, पाय धरून पोर लोळतं. मग दवाखाना, सलाईन, रक्ताची बाटली. फोन आला की बाई सकाळच्या पहिल्या एस.टी.नं अमरावतीला. ज्योत्स्नाचा नवरा पुण्याकडे कामाला, म्हणून पाय दाबायला आजीच.

याच काळात आमचा अश्विन अमरावतीत प्रवचनं देणारा 'ब्रदर अश्विन' झाला होता. कापडाच्या दुकानावरचा हॉल, पांढरा शर्ट, माईक, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप सैल पडावेत. ज्योत्स्ना तिथं जायला लागली. मी तिला दोष देत नाही. जिच्या लेकरावर औषध चालत नाही, ती बाई कुठंही जाईल.

अपेक्षा अकराव्या वर्षी गेली. आम्ही अकोल्याहून मातीला गेलो, तर बाप्पा, काय पाहिलं आम्ही! हॉलची माणसं टाळ्या वाजवून गाणी म्हणत होती. पांढरं कोणी नेसायचं नाही, रडायचं नाही, असा हुकूम होता. ज्योत्स्ना पोपटी साडी नेसून शवपेटीजवळ उभी. डोळे कोरडे ठणठणीत. बाईंनी तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "आई, रडू नको. तिले काहीच दुखलं नाई. दुखते असं फक्त वाटते. प्रभूलेही वधस्तंभावर दुखलं नवतं."

बाईंचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागं पडलं. मग बाई म्हणाल्या, "थेच तिसरे होत. माह्या लेकीच्या घरात शिरले."

दोन महिन्यांनी अश्विनचं पत्र आलं. त्याला आमच्या चर्चमध्ये तीन दिवसांची सभा घ्यायची होती. मंडळीचा कारभार पाहणारे पंच खूश. आपला पोरगा, आपल्याच वर्गातला, गर्दी होईल! बाई एकट्या आडव्या आल्या. शेवटी पंचांचे मुख्य केशवराव यांनी मार्ग काढला. अश्विनला बोलवायचं आणि तपासायचं. मी मंडळीची सेक्रेटरी, म्हणून वहीसकट हजर.

अश्विन चर्चच्या मागच्या खोलीत आला, बाईंच्या पाया पडला. केशवरावांनी सांगितलं, मतांगीकार म्हण. आणि तो पठ्ठ्या उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला! एक शब्द गाळला नाही. 'मेला' म्हणाला, 'पुरला गेला'ही म्हणाला. पंचांनी माना डोलावल्या.

"काय चूक आहे बाई यात?" केशवरावांनी विचारलं.

"वरून हात फिरवून राहिले तुमी," बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "अश्विन, मेला म्हणजे काय झालं?"

"शरीर पडलं, बाई. प्रभू त्याच्याआधीच निघून गेला होता. देवाले कोण खिळे ठोकन? तथी होतं थे नुसतं रूप. म्हणून विश्वासणाऱ्यालेही दुखणं नाई. दुखणं म्हणजे मनाचा खोटेपणा."

पंच एकमेकांकडे पाहायला लागले. आता हात कोपरापर्यंत गेला होता.

"हे जुनंच आहे," बाई म्हणाल्या. "मी तुले याच खोलीत शिकोलं होतं, हे खोटं आहे म्हणून."

"हो. शिकोलं होतं." त्याचा आवाज माईकवरचा राहिला नव्हता. "मी तुमाले एक गोष्ट इचारली होती बाई. माह्या मायले दुखत होतं तवा त्याले दुखलं का. तुमी म्हणल्या, पाठ कर. केलं पाठ. उत्तर कोणीच देल्लं नाई. मंग मी मलेच देल्लं. तिले दुखलंच नाई, असं म्हटलं तवा मले झोप लागली. आता लोकाले झोप लागते, त माहं काय चुकलं?"

इतक्या वर्षांत मी बाईंना पहिल्यांदा निरुत्तर पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. पंचांनी सभा नाकारली. मी वहीत तसं लिहिलं. बाई जिंकल्या, आणि घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चाल, अमरावतीले जाऊ. मले ज्योत्स्नाले सांगाचं आहे."

"काय सांगता?" मी वैतागले. "ती निदान उभी तरी आहे. 'दुखलं नाही' एवढ्या एका बोलावर उभी आहे. तो काढून घ्याल तर पडेल ना ती!"

"पडू दे. पडल्यावर तरी रडन. असं कोरडं राहून माही पोरगी मरून राहिली."

ज्योत्स्नानं चहा केला. अपेक्षाच्या शाळेचं दप्तर खिळ्याला तसंच टांगलेलं होतं. बाईंनी कपाला हात लावला नाही. डावा हात पुढं केला, बाही वर सारली. मनगटावर दोन अर्धगोल वण, काळपट, आतपर्यंत गेलेले. मीही ते पहिल्यांदाच पाहत होते.

"हे अपेक्षाचे दात आहेत," बाई म्हणाल्या. "त्या दुपारी तू हॉलमध्ये गुडघ्यावर होती. अश्विननं सांगतलं होतं, खाटीजवळ बसणं म्हणजे खोट्याले मान देणं. मी बसली होती. कळ आली तवा तिनं माहा हात चावला. मी सोडवला नाई. तिले दुखलं, ज्योत्स्ना. लय दुखलं."

"खोटं बोलते तू."

"मी अश्विनले उत्तर देल्लं नवतं. तुले देतो. प्रभूले लागलं नसतं, त त्या खाटीवर तिच्यासंग कोणीच नवतं. मी होती, पण मले काय येत होतं? पाय दाबता येत होते. त्याले खरोखर लागलं होतं, तो खरोखर मेला होता, म्हणून तो तथी होता. मी याच्यावर जगून राहिली, पोरी. दुसरं काही नाई माह्याजवळ."

ज्योत्स्ना उठली, दार उघडलं. "जा," ती म्हणाली. "माह्या घरात पुन्हा पाय ठेवू नको." डोळे तसेच कोरडे.

पायऱ्या उतरताना मी बाईंवर खेकसले. सांगितलं होतं ना मी! काय मिळवलं? त्यांनी ऐकून घेतलं. एरवी मला बोलू दिलं असतं होय?

त्यानंतर आठ महिने ज्योत्स्नानं फोन उचलला नाही. बाई दर रविवारी उपासनेनंतर लावायच्या, वाजून वाजून बंद व्हायचा. वर्ग मात्र चालू होता. पण पट्टी खिडकीत पडून असायची. पोरं पाठ विसरली तर बाई नुसत्या थांबायच्या, आणि एखाद्यानं प्रश्न विचारला तर संध्याकाळपर्यंत बसायच्या. मी म्हटलं, बाई, उशीरच झाला तुम्हाला शहाणपण यायला. "हो वं," म्हणाल्या, एवढंच.

जानेवारीत बाईंच्या छातीत दुखलं. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाल्या, "अश्विनले सांगजो, त्याची शिकवण खोटी आहे. पण सवाल खरा होता. उत्तर मी देल्लं नाई, चूक माही." मी होकार दिला. अजून सांगितलेलं नाही. त्याचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरतं. सांगीन कधीतरी.

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. ज्योत्स्नाला मी निरोप पाठवला, ती येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. कब्रस्तानात पेटी उघडी ठेवली होती, झाकण लावायचं बाकी होतं, तेव्हा फाटकाशी ऑटो थांबला. पोपटी साडी. बायकांमध्ये कुजबुज झाली. ती कोणाकडे न पाहता पेटीपाशी आली, छातीवर जुळवलेले हात सोडवले, डावा हात उचलला आणि बाही वर सारली.

खूण तशीच होती. ज्योत्स्नानं तिच्यावरून बोट फिरवलं. एक अर्धगोल, मग दुसरा. वरच्या ओळीत एका दाताची जागा मोकळी होती. अपेक्षाचा तो दात तिच्या शेवटच्या वाढदिवशी पडला होता, हे ज्योत्स्नानंच मला पुढं सांगितलं; आईशिवाय कोणाला ठाऊक असणार?

"लय दुखलं ना वं तुले," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, लेकीला की आईला, देव जाणे. आणि मग तिच्यातून जो आवाज निघाला तो मला कधी विसरता यायचा नाही. प्रार्थना चालवणारे पाळक थांबले. खड्ड्याजवळची माणसं फावडी टेकवून उभी राहिली. बराच वेळ आम्ही तिला रडू दिलं.

माती लोटण्याआधी आमच्याकडे सगळ्यांनी मिळून मतांगीकार म्हणायची रीत आहे, आणि पुढून म्हणायचं काम सेक्रेटरीचं. 'मेला' इथपर्यंत मी कशीबशी आले. पुढचे दोन शब्द, लहानपणी खाल्लेले तेच, माझ्या तोंडून निघेनात. सगळे माझ्यासाठी थांबले होते. पूर्वीच्या बाई असत्या तर पट्टी वाजली असती.

ते शब्द ज्योत्स्नानं म्हटले. गुडघ्यावर बसून, रडत रडत, मोठ्यानं.