आईच्या गळ्यातले धवले

माझी आई जासईची धवलारीण. आगरी लग्नात विधींच्या वेळी जी गाणी म्हणतात ते धवले तिला तोंडपाठ. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी यायची.

एका सकाळी भाकऱ्या थापताना तिचा उजवा हात पिठातच पडून राहिला. तोंड वाकडं झालं. वहिनीनं ताबडतोब गाडी काढायला लावली. मी ऐरोलीहून हॉस्पिटलात पोचले तेव्हा आई माझ्याकडे बघून ओठ हलवत होती, पण शब्द येत नव्हता. अर्धांगाचा झटका आणि साखर भलतीच चढलेली. मधुमेहाच्या गोळ्या ती आठवण झाली तर घ्यायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूला सावरायला वेळ लागेल. साखर अशीच चढी राहिली तर सावरणं आणखी अवघड. पण एकदम खाली पाडायचीही नाही, तेही धोक्याचं."

घरी सोडल्यावर तिला मी माझ्या फ्लॅटवर आणलं. इन्सुलिन, व्यायाम, मोजून जेवण. जन्मभर तांदळाची भाकरी खाल्लेल्या बाईपुढे मी ज्वारीची भाकरी आणि दुधी ठेवायचे. ती डाव्या हातानं ताट सरकवायची. बोलता येत नव्हतं, पण रुसता येत होतं.

एका दुपारी इन्सुलिन दिलं आणि ती जेवलीच नाही. थोड्या वेळानं बघते तर घामानं निथळलेली, नजर हरवलेली, तोंड पुन्हा वाकडं. दुसरा झटका! ॲम्ब्युलन्सला फोन करता करता सवयीनं तिच्या बोटाला सुई टोचली. साखर तळाला गेली होती. गिळता येतंय हे पाहून तिला साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. हळूहळू चेहरा सरळ झाला. तिनं माझा हात घट्ट धरला आणि रडली. मीही रडले.

डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन कमी केलं. मला म्हणाल्या, "तिला आवडेल ते थोडं द्या, पण वेळेवर द्या. उपाशी ठेवून इन्सुलिन नको."

त्या आठवड्यात जासईहून मावशी आली. तिनं तांदळाची लहानशी भाकरी केली, सोबत मासळीचं कालवण. आईनं ताट पुसून खाल्लं. मावशी म्हणाली, "आता बरी व्हशील गो. लगीन हाय गावान." आणि बसल्या बसल्या हळदीचा धवला गुणगुणू लागली.

दुसऱ्या ओळीला आईचा आवाज लागला.

शब्दांसकट. 'पाणी' म्हणता न येणारी माझी आई अख्खी ओळ गात होती. मावशी गायची थांबली, आई थांबली नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आता ती बोलेल, असं मला तेव्हा अगदी खात्रीनं वाटलं.

तसं झालं नाही. साखर ताब्यात आली तसा व्यायाम तिला झेपू लागला, काठी घेऊन ती चालू लागली, उजव्या हातात पेला धरू लागली. पण बोलणं दोन-चार शब्दांवर अडलं. गाण्यात येणारा शब्द बोलताना सापडत नाही, आणि ती चिडून मान फिरवते. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुष्कळ परत आलं. खरंच आहे ते.

आता ती पुन्हा जासईला असते. लग्नात पाटावर बसून धवले म्हणते, बाया कौतुकानं मला व्हिडिओ पाठवतात. मी ते बघते, आणि मला भलतंच काही हवं असतं. तिनं मला साधं विचारावं, "कवा येशील गो बाय?"

रोज संध्याकाळी वहिनी तिच्या कानाला फोन लावते. मागे बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची घरघर ऐकू येते. मी काय शिजवलं, पोरांची शाळा, सोसायटीत पाणी आलं की नाही, सगळं सांगत राहते. ती मधून मधून तिच्या दोन-चार शब्दांतला एक म्हणते, "हाय... हाय..." मग फक्त तिचा श्वास. फोन ती ठेवत नाही, मीही ठेवत नाही.