गोविंदरावांचा पूल

गोविंदराव गेल्याची बातमी शाळेत आली, तेव्हा फळ्यावर त्रैराशिक अर्धे होते. ते पुरे करून मगच मी मुलांना सोडले. मेहुण्याच्या मृत्यूनंतर चार गोड शब्द लिहावेत, अशी रीत आहे. परंतु त्यांना ओळखणारे अमरावतीत अजून पुष्कळ आहेत...

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि आपण थोर आहोत, असा गोविंदरावांना साक्षात्कार झाला. पेठ आणि कापसाचा बाजार यांच्यामधून नाला वाहतो. त्यावर त्यांनी स्वखर्चाने दगडी पूल बांधायला काढला, तो उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर. गाड्या रिकाम्या पडून होत्या. त्यांतलीच एक मोजून पुलाची रुंदी ठरली. कापसाची गाडी भरली की दोन्ही बाजूंनी फुगते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

“गोविंदराव, भरलेली गाडी धरून माप घ्या,” मी म्हणालो.

“मास्तर, तुमी पोरं मोजा,” ते हसले. “गाड्या आमी मोजतो.”

कार्तिकात पहिलीच गाडी कठड्यांमध्ये अडकली. कठडे काढले असते, तर प्रश्न मिटला असता. पण त्यांतल्या एका दगडावर बाळापूरच्या पाथरवटाने त्यांचे नाव कोरले होते. त्यांची पत्नी, म्हणजे माझी धाकटी बहीण गोदा, विनवून थकली. गाड्या पूर्वीसारख्याच नाल्यात उतरत राहिल्या. घरचाच बैल तिथल्या चिखलात पाय मोडून बसला, तेव्हाही उत्तर एकच : “बैल दुसरा घेता येते. नावाचा दगड काढून लोकायले हसवू काय?” लोक हसतच होते...

पुढे ऐन हंगामात तापाने ते गेले. तिरडी त्याच पुलावरून नेली. खांदेकरी कठड्यांमधून सहज निघाले. खाली चिखलात कापसाने भरलेल्या गाड्या खोळंबल्या होत्या. घरी परतलो, तर गोदा उंबऱ्याशी बसलेली. डोळे कोरडे.

“दादा, तिरडी अडली काय?”

“नाही.”

“मंग गाड्याच कावून अडाव्या?”

तेरावे होताच तिने कठडे उतरवले. आता भरल्या गाड्या पुलावरून जातात. नावाचा दगड पुलाच्या तोंडाशी पडला आहे. गाडीवान त्यावर बसून चिलीम ओढतात. अक्षरे मात्र फार सुबक आहेत. मुलांना कित्ता म्हणून दाखवावीत, असे दर वेळी मनात येते. पण हे कोण होते, असे मुले विचारतील... अजून त्यांना तिथे नेलेले नाही.